लहान पक्ष्यांचा स्थलांतरपूर्व मेदसंचय

स्थलांतरपूर्व मेदसंचय म्हणजे दूरच्या प्रवासाला निघण्याआधी काही आठवड्यांत पक्ष्याने शरीरात चरबी साठवून केलेली वजनवाढ होय. वटवट्या, धोबी, शंकर, भारीट, माशीमार अशा लहान गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये ही प्रक्रिया विशेष ठळकपणे आढळते. हिवाळ्यात नऊ-दहा ग्रॅम भरणारा पक्षी प्रस्थानापूर्वी बारा-तेरा ग्रॅमचा होतो. वाळवंट किंवा समुद्र एका दमात ओलांडायचा असेल, तर काही जातींचे वजन जवळजवळ दुप्पट होते. ही वाढ रोगट लठ्ठपणा नसून प्रवासाचे इंधन असते, आणि उड्डाणाच्या काही रात्रींत ते खर्ची पडते.

मध्य भारतातील नागपूर परिसरात फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ या संचयाचा असतो. हिवाळा येथे काढलेले लहान पक्षी याच दिवसांत हिमालय, मध्य आशिया आणि सायबेरियातील प्रजननक्षेत्रांकडे परतण्याची तयारी करतात. पळस फुलण्यापासून उन्हाची काहिली सुरू होईपर्यंतचे हे सहा-सात आठवडे त्यांच्या वर्षातील निर्णायक आठवडे असतात.

नागपूर परिसरातील हिवाळी पाहुणे

नागपूर शहर सुमारे २१.१ अंश उत्तर अक्षांशावर, मध्य आशियाई उड्डाणमार्गाच्या क्षेत्रात वसलेले आहे. अंबाझरी, फुटाळा व गोरेवाडा हे तलाव, सेमिनरी हिल्सची झाडी, शहराभोवतीची शेते आणि उत्तरेकडील पेंचचे पानगळीचे वन एवढ्या परिघात हिवाळ्यात अनेक स्थलांतरित पक्षी आढळतात. तलावांवरील बदके लोकांच्या नजरेत भरतात. झाडीतील लहान पक्ष्यांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

हिरवट वटवट्या (फायलोस्कोपस ट्रोकिलॉइडिस) हा त्यांतील सर्वांत हलक्या पक्ष्यांपैकी एक. त्याचे वजन साधारण सात ते नऊ ग्रॅम असते. तो पानांच्या आड सतत हालचाल करीत कीटक टिपतो आणि दिसण्यापेक्षा आवाजावरून अधिक ओळखला जातो. ब्लाइथचा बोरू वटवट्या झुडपांत दडून राहतो. त्याची वीण फिनलंडपासून रशिया व मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यात होते. निळ्या गळ्याचा शंकर तलावकाठच्या पाणगवतात, थिरथिरा घरांच्या गच्च्यांवर व पडक्या भिंतींवर, गप्पीदास शेतातील काट्याकुट्यांच्या शेंड्यांवर, तर पिवळा धोबी ओलसर गवतात दिसतो. काळ्या डोक्याचा आणि तांबड्या डोक्याचा असे दोन्ही भारीट पिकांच्या शेतांत थव्यांनी उतरतात. भोरडी म्हणजेच पळस मैना या सर्वांत मोठी असली, तरी गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातीलच आहे.

या भागातील पक्ष्यांच्या नोंदींना जुना इतिहास आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाशी (स्थानिकांचा ‘अजब बंगला’) संबंधित असलेल्या ई. ए. डी'अब्रू यांनी तत्कालीन मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी १९३५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मराठीत मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षीकोशा’ने पक्ष्यांच्या स्थानिक नावांचा मोठा साठा एकत्र आणला. अशा याद्या आणि कोश कोणता पक्षी कोठे आढळतो हे सांगतात. निघताना त्याचे वजन किती असते, हा प्रश्न मात्र वेगळ्या प्रकारच्या अभ्यासाचा आहे.

इंधन म्हणून चरबीच का?

एक ग्रॅम चरबीच्या ज्वलनातून सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा मिळते. पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅमपासून सुमारे १७ किलोज्यूल मिळते. प्रत्यक्षातील तफावत याहून बरीच मोठी आहे. शरीरात साठवलेले ग्लायकोजेन आपल्या वजनाच्या तीन-चारपट पाणी धरून ठेवते, तर चरबी जवळजवळ कोरडी साठते. त्यामुळे पाण्यासह हिशेब केला, तर ग्लायकोजेनच्या साठ्यातील एका ग्रॅममागे जेमतेम ४ किलोज्यूल ऊर्जा हाती लागते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. नऊ ग्रॅमच्या वटवट्याने तीन ग्रॅम चरबी साठवली, तर त्याच्याजवळ सुमारे ११७ किलोज्यूल ऊर्जा असते. तेवढीच ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात न्यायची झाल्यास त्याला स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओझे उचलावे लागेल, आणि असा पक्षी जमिनीवरून उठूच शकणार नाही. मनुष्य किंवा घोडा वेगाने धावताना प्रामुख्याने पिष्टमय इंधन वापरतो. दीर्घ उड्डाण करणारा पक्षी मात्र जवळजवळ सर्व शक्ती चरबीतून मिळवतो. इतक्या तीव्र श्रमासाठी चरबी इतक्या वेगाने जाळणे बहुतेक सस्तन प्राण्यांना साधत नाही.

चरबीचा आणखी एक लाभ आहे. एक ग्रॅम चरबी जळताना एक ग्रॅमहून किंचित अधिक पाणी तयार होते. रात्रभर न थांबता उडणाऱ्या पक्ष्याला वाटेत पाणी पिता येत नाही. श्वासावाटे जाणाऱ्या पाण्याची काही भरपाई या अंतर्गत पाण्यातून होते.

ही चरबी शरीरभर सारखी पसरत नाही. तिचे पहिले ठिकाण म्हणजे गळ्याच्या तळाशी, छातीच्या वरील दुभंगलेल्या हाडाच्या मधली खोलगट जागा. ती भरली की पोटावर थर चढू लागतो, आणि संचय पूर्ण झालेल्या पक्ष्यात छातीच्या स्नायूंवरही पिवळसर पडदा दिसतो. लहान पक्ष्यांची कातडी इतकी पातळ असते की पिसे बाजूला केल्यावर ही चरबी थेट डोळ्यांना दिसते.

दिवसाच्या लांबीचा संकेत

निघण्याची वेळ जवळ आली हे पक्ष्याला कसे कळते, या प्रश्नाचे पहिले प्रायोगिक उत्तर कॅनडातील विल्यम रोवन यांनी शोधले. त्यांनी जुन्को या लहान पक्ष्यांना हिवाळ्यात कृत्रिम प्रकाश देऊन दिवस लांबवला. बाहेर कडाक्याची थंडी असतानाही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतात वाढावीत तशी वाढली. रोवन यांचे हे निष्कर्ष १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ऋतूची सूचना हवेतील उबेपेक्षा प्रकाशाच्या कालावधीतून मिळते, ही कल्पना तेथून पुढे रुजली. पक्ष्यांना हा प्रकाश केवळ डोळ्यांनी जाणवतो असे नाही. मेंदूच्या खोल भागातील प्रकाशसंवेदी पेशी कवटीतून झिरपणारा उजेडही टिपतात, असे नंतरच्या प्रयोगांत आढळले.

या विषयावरील महत्त्वाचे भारतीय काम भारीट पक्ष्यांवर झाले आहे. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात पी. डी. तिवारी आणि विनोद कुमार यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी काळ्या डोक्याच्या भारिटांना (एम्बेरिझा मेलॅनोसेफाला) वेगवेगळ्या लांबीच्या कृत्रिम दिवसांत ठेवून अभ्यास केला. आठ तासांचा दिवस मिळालेले पक्षी सडपातळच राहिले. दिवस साधारण बारा तासांच्या आसपास किंवा त्याहून मोठा केल्यावर त्यांच्यात चरबी साठू लागली आणि जननेंद्रियेही वाढू लागली. लांब दिवसांत सुमारे २५ ग्रॅमचा भारीट काही आठवड्यांत ३५ ग्रॅमच्या पुढे जाऊ शकतो. तोच लांब दिवस पुढे महिनोन्‌महिने चालू ठेवला, तर पक्षी त्याला प्रतिसाद देणे थांबवतो आणि वजन पुन्हा उतरते. हा पक्षी मध्य व पश्चिम भारतात हिवाळा घालवून पश्चिम आशिया व आग्नेय युरोपात विणीसाठी जातो. त्यामुळे प्रयोगशाळेतील हे निष्कर्ष विदर्भ-खानदेशच्या शेतांतील थव्यांच्या जीवनक्रमाशी सहज जोडून पाहता येतात.

नागपूरला डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो, तर जूनमध्ये तो सुमारे १३ तास २५ मिनिटांपर्यंत वाढतो. फेब्रुवारीच्या मध्यास तो साडेअकरा तासांच्या जवळ येतो, मार्चच्या मध्यास बारा तासांची रेषा ओलांडतो आणि एप्रिलच्या मध्यास साडेबारा तासांच्या पुढे जातो. युरोपातील पक्ष्याला मिळणाऱ्या बदलाच्या मानाने हा फरक लहान आहे, पण तो नियमित आहे. थंडी लांबो अथवा ऊन लवकर तापो, मार्चच्या मध्यास बारा तासांचा दिवस येतोच. शिवाय पहाटेचा व सांजवेळेचा संधिप्रकाशही पक्ष्याच्या मेंदूपर्यंत पोहोचत असल्याने पक्ष्याचा ‘दिवस’ पंचांगातील दिनमानापेक्षा काहीसा मोठा असतो.

प्रकाशाच्या जोडीला पक्ष्याच्या शरीरात स्वतःचे वार्षिक घड्याळही असते. जर्मनीतील एबरहार्ड ग्विनर यांनी १९६० च्या दशकात वटवट्या जातीच्या पक्ष्यांना वर्षभर बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या स्थितीत ठेवले. तरीही त्यांच्या पिसांची झड, वजनवाढ आणि रात्रीची चुळबुळ साधारण वर्षाच्या अंतराने होत राहिली. विषुववृत्ताजवळ हिवाळा घालवणाऱ्या, जेथे दिवसाची लांबी फारशी बदलत नाही अशा पक्ष्यांना या घड्याळाचा मोठा आधार असतो. नागपूरच्या पक्ष्यांच्या बाबतीत दिवसाची लांबी हे घड्याळ दरवर्षी जुळवून देते, असे म्हणता येईल.

पिंजऱ्यातील स्थलांतरित पक्षी या काळात रात्री अस्वस्थ होतो, पंख फडफडवतो, दांडीवरून दांडीवर उड्या मारतो. जर्मन भाषेतील ‘झुगुनरुहे’ हा शब्द या अस्वस्थतेसाठी जगभर वापरला जातो. एरवी दिवसा वावरणारा हा पक्षी त्याच सुमारास रात्रीचा प्रवासी बनतो.

अतिभक्षण आणि शरीरातील बदल

मेदसंचयाचा मुख्य मार्ग म्हणजे अधिक खाणे. अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञ यूजीन ओडम यांनी १९६० मध्ये पक्ष्यांच्या स्थलांतरपूर्व अतिभक्षणावर लिहून या वर्तनाकडे लक्ष वेधले. या काळात पक्षी पहाटे लवकर खायला लागतो, उशिरापर्यंत खात राहतो आणि मधल्या विश्रांतीचा वेळ कमी करतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून भुकेचे नियंत्रण बदलते, आणि प्रोलॅक्टिन, कॉर्टिकोस्टेरोन तसेच थायरॉइड ग्रंथीची संप्रेरके यांचा त्यात सहभाग असतो. साधारणपणे पक्ष्याचे वजन दिवसाला एक ते तीन टक्क्यांनी वाढते. अन्न मुबलक असल्यास हा वेग काही काळ याहून जास्त होतो.

या वाढीचा माग काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लहान पक्षी रोजच रात्री आपल्या वजनाचा पाच ते दहा टक्के भाग गमावतो आणि दिवसभरात तो भरून काढतो. त्यामुळे सकाळी सात वाजता तोललेला आणि सायंकाळी पाच वाजता तोललेला वटवट्या यांची तुलना निरर्थक ठरते. संचय म्हणजे रोजच्या या चढउतारावर साचत जाणारी उरलेली शिल्लक.

खाल्लेल्या साखरेचे चरबीत रूपांतर पक्ष्यांमध्ये मुख्यतः यकृतात होते. तेथून ती रक्तावाटे साठवणीच्या जागी जाते. उड्डाणकाळात उलट प्रवास होतो: साठ्यातील मेदाम्ले सुटी होऊन प्रथिनांच्या आधाराने रक्तातून छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचतात. त्यांना स्नायूपेशीत वाहून नेणाऱ्या विशिष्ट प्रथिनांचे प्रमाण स्थलांतराच्या काळात लक्षणीय वाढते. उड्डाणाचे स्नायूही या दिवसांत जाड होतात, कारण वाढलेले वजन उचलण्यासाठी जास्त ताकद लागते. संचयाच्या काळात पचनसंस्था मोठी होते. लांबच्या उड्डाणात मात्र ती आक्रसते, आणि उतरल्यावर पोटभर खाण्यासाठी पक्ष्याला आधी आतडे पूर्ववत करावे लागते.

पश्चिम भारतात या अंतर्गत बदलांचा अभ्यास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाला. प्राणिशास्त्रज्ञ जे. सी. जॉर्ज आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात भोरडी व धोबी या हिवाळी पाहुण्यांचे उड्डाणस्नायू, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथी यांतील ऋतुमानानुसार होणारे बदल तपासले. पक्ष्यांच्या स्नायूंवरील ‘एव्हियन मायॉलॉजी’ हा जॉर्ज व अँड्र्यू बर्जर यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. भोरडीचे स्नायू जगाच्या विज्ञानसाहित्यात पोहोचले ते या प्रयोगशाळेमुळे.

बहुतेक जातींमध्ये मेदसंचयाच्या आधी किंवा त्याच्या आरंभी पिसे बदलण्याचे काम उरकले जाते, कारण नवी पिसे घडवण्यासाठी प्रथिने आणि ऊर्जा दोन्ही लागतात. नागपूरच्या तलावकाठी मार्चमध्ये पिवळे धोबी आठवड्यागणिक अधिक पिवळे होताना दिसतात, नर शंकराच्या गळ्यावरचा निळा पट्टा उजळतो. निरीक्षकाला बाहेरून दिसणारी तयारीची खूण ही एवढीच. वजन मात्र पिसांखाली झाकलेले असते.

वसंतातील अन्न

नागपूरकडील वसंताचे वैशिष्ट्य असे की पानगळीच्या वनात पाने झडलेली असतानाच फुलांचा बहर येतो. काटेसावर जानेवारीच्या अखेरीपासून, पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. काटेसावर व पळस यांच्या फुलांत भरपूर मधुरस असतो, तर मोहाची मांसल फुले स्वतःच साखरेने भरलेली असतात. भोरड्यांचे थवे पळसावर इतक्या नेमाने येतात की ‘पळस मैना’ हे नावच त्यांना मिळाले. फुलांभोवती गोळा होणारे कीटक हा वटवटे आणि माशीमार यांचा आहार. म्हणजे पळसाचे एक झाड एकाच वेळी साखरेचे आणि प्रथिनांचेही कोठार ठरते.

वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे, तसेच विदर्भात रायमुनिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घाणेरीची काळी फळे यांचाही या अन्नात वाटा असतो. कीटकभक्षी मानल्या गेलेल्या अनेक जाती संचयाच्या काळात फळांकडे वळतात, असे जगभर आढळले आहे. पळणारा कीटक शोधण्यापेक्षा फांदीवरचे फळ उचलण्यास कमी श्रम पडतात, आणि साखरेची चरबी सहज बनते.

शेतातील अन्नाचे गणित निराळे आहे. हरभऱ्यावरील घाटेअळी आणि तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळ्या हे शेतकऱ्याचे शत्रू असले, तरी भोरड्या व गप्पीदास यांच्यासाठी ते पौष्टिक खाद्य असते. हरभऱ्याची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, गव्हाची मार्च-एप्रिलमध्ये. काढणीनंतर शेतात सांडलेले धान्य भारिटांना मिळते; पण अळ्या आणि त्यांचा आडोसा दोन्ही नाहीसे होतात. ज्वारीच्या शेतात भारीट व भोरडी हे पाहुणे धान्याचेही नुकसान करतात. त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच पक्षी एका महिन्यात मित्र आणि दुसऱ्या महिन्यात चोर असतो, आणि दोन्ही मते खरी आहेत.

एप्रिलच्या आरंभी चित्र झपाट्याने बदलते. कमाल तापमान चाळीस अंशांकडे सरकते, तलावांचे काठ वाळतात, ओले गवत पिवळे पडते. पक्ष्यांना खाण्यासाठी सकाळचे व सायंकाळचे थोडे तास उरतात. दुपारी ते चोची उघड्या ठेवून सावलीत बसून राहतात. उष्णता घालवण्यासाठी धापा टाकताना शरीरातील पाणी जाते. ज्या पक्ष्याचा संचय तोवर पूर्ण झालेला नाही, त्याला उरलेले काही ग्रॅम मिळवणे दिवसेंदिवस कठीण होते.

किती चरबी, किती पल्ला

लहान पक्षी उडताना तासाला आपल्या वजनाचा साधारण एक टक्का गमावतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्यानुसार बारा ग्रॅमचा वटवट्या नऊ ग्रॅमवर येईपर्यंत सुमारे २८ तास उडू शकेल. वारा नसताना त्याचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर धरल्यास हा पल्ला सुमारे १,००० किलोमीटरचा होतो. नागपूरहून हिमालयाच्या पायथ्याचे देहरादून सरळ रेषेत जवळपास एवढेच दूर आहे. ताश्कंदपर्यंतचे सरळ अंतर सुमारे २,४०० किलोमीटर आहे, म्हणजे तीन ग्रॅम चरबीच्या दुपटीहून अधिक.

प्रत्यक्षात पक्षी २८ तास सलग उडेलच असे नाही. बहुतेक लहान स्थलांतरित सायंकाळनंतर निघतात, रात्रभर उडतात आणि सकाळी उतरून खातात. उत्तर भारताच्या मैदानात त्यांना वाटेत थांबून पुन्हा वजन मिळवण्याची संधी असते. त्यामुळे सहारा वाळवंट ओलांडणाऱ्या पक्ष्यांप्रमाणे नागपूरहूनच दुप्पट वजन घेऊन निघण्याची त्यांना गरज पडत नाही. पुढे मात्र हिमालय आणि त्यापलीकडील थंड, उंच, ओसाड प्रदेश आहे. काही जाती पर्वतरांगांच्या पश्चिम टोकाकडून वळसा घेतात, काही खिंडींमधून जातात. हिरवट वटवट्याच्या उपजाती तिबेटच्या पठाराभोवती कड्यासारख्या पसरलेल्या आहेत आणि या रचनेमुळे तो उत्क्रांतिशास्त्रात प्रसिद्ध आहे.

तुलनेसाठी आफ्रिकेतील पिवळ्या धोब्यांचे उदाहरण घेता येईल. नायजेरियात हिवाळा घालवणाऱ्या धोब्यांच्या चरबीवरील पीटर वॉर्ड यांचा अभ्यास १९६४ मध्ये, आणि चाड सरोवराकाठच्या पक्ष्यांच्या वसंतकालीन वजनांवरील सी. एच. फ्राय व सहकाऱ्यांचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. सहारा समोर असलेले हे धोबी सुमारे १६ ग्रॅमवरून २० ग्रॅमच्या पुढे जातात. पिवळा धोबी नागपूरलाही येतो आणि आफ्रिकेतही जातो. दोन्हीकडे निघण्याची तयारी सारखी असली, तरी ओझे किती घ्यायचे हे पुढच्या वाटेवर अवलंबून असते.

वसंतातील प्रवासाला शरदातील प्रवासापेक्षा घाई अधिक असते. लवकर पोहोचलेल्या नराला चांगली जागा मिळते, पण फार लवकर पोहोचल्यास तेथे अजून थंडी असते आणि कीटक बाहेर पडलेले नसतात. अशा वेळी प्रवासातून शिल्लक राहिलेली चरबी पहिल्या काही थंड दिवसांची शिदोरी ठरते.

वजनाची किंमत

अधिक चरबी म्हणजे अधिक सुरक्षितता, असे समीकरण मांडता येत नाही. स्वीडनमध्ये सेसिलिया कुलबर्ग व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जास्त चरबी असलेले ब्लॅककॅप जातीचे पक्षी कृत्रिम शिकाऱ्यासमोर कमी वेगाने आणि कमी चढणीने उडाले. नागपूरच्या झाडीत शिक्रा वर्षभर असतो. भरलेल्या वजनाचा वटवट्या त्याच्यासमोर हलक्या वटवट्याइतका चपळ राहत नाही. शिवाय जास्त खाण्यासाठी उघड्यावर जास्त वेळ काढावा लागतो, आणि मान खाली असताना पहारा सुटतो. म्हणूनच हिवाळ्यात अन्न खात्रीचे असते तेव्हा पक्षी फारशी चरबी बाळगत नाहीत. बेभरवशाच्या अन्नाच्या काळात मात्र विम्याप्रमाणे थोडा साठा ठेवतात.

हिवाळी साठ्याच्या या बाजूवर भारतात मधुसूदन कट्टी आणि ट्रेव्हर प्राइस यांनी काम केले. तमिळनाडूतील कलक्काड-मुंडनथुराई व्याघ्र प्रकल्पात हिरवट वटवट्याच्या चरबीत वर्षागणिक पडणाऱ्या फरकावरील त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूरला हिवाळा काढणारी हीच जात दक्षिणेतही हिवाळा काढते. दक्षिणेतील पक्ष्याला परतीच्या वाटेवर आधी संपूर्ण द्वीपकल्प ओलांडावे लागते.

मोजमाप

वजनाचा अभ्यास करण्यासाठी पक्षी काही मिनिटांसाठी हाती घ्यावा लागतो. झाडीत उभारलेल्या अतिशय बारीक धाग्यांच्या जाळ्यात अडकलेला पक्षी अलगद सोडवून कापडी पिशवीत ठेवतात आणि दशांश ग्रॅमपर्यंत तोलतात. पंखाची लांबी मोजतात, कारण मोठ्या बांध्याचा सडपातळ पक्षी आणि लहान बांध्याचा लठ्ठ पक्षी यांचे वजन सारखे भरू शकते. त्यानंतर गळ्याखालच्या पिसांवर हळूच फुंकर मारून खोलगट जागेतील चरबी पाहतात व तिला गुण देतात. आंद्रेयास कायझर यांनी १९९३ मध्ये मांडलेली शून्य ते आठ गुणांची पद्धत बरीच वापरली जाते. फुंकर मारणे हे या शास्त्रातील सर्वांत स्वस्त आणि तरीही भरवशाचे तंत्र असावे.

शेवटी पायात क्रमांक असलेले हलके कडे घालून पक्षी सोडून देतात. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९२७ मध्ये कडी घालण्यास आरंभ केला, आणि १९५९ पासून सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. तोच पक्षी काही दिवसांनी पुन्हा हाती लागला, तर दोन वजनांतील फरकावरून संचयाचा खरा वेग कळतो. अनेक वेगवेगळ्या पक्ष्यांच्या सरासरीपेक्षा एकाच पक्ष्याच्या अशा दोन नोंदी अधिक मोलाच्या असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय वन्य पक्षी पकडणे गुन्हा आहे. हे काम प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तींनीच करावयाचे असते.

जाळ्याविना करता येण्याजोगे निरीक्षण म्हणजे शेवटच्या दिवसाची नोंद. एखाद्या बागेतील थिरथिरा किंवा तलावकाठचा शंकर शेवटचा केव्हा दिसला, हे दरवर्षी टिपून ठेवल्यास प्रस्थानाचा काळ समजतो. विद्यार्थ्यांना दुर्बीण आणि वही यांवर हे काम करता येते. पहिला पक्षी दिसल्याची तारीख सगळे लिहून ठेवतात. शेवटची तारीख लिहिणे मात्र सहसा राहून जाते, कारण तो शेवटचा होता हे नंतरच कळते.

बदलती परिस्थिती

संचयाचा संकेत दिवसाच्या लांबीवर बांधलेला आहे आणि संचयाचे अन्न हवामानावर. या दोहोंची जुळणी बिघडण्याची शक्यता हा सध्याच्या स्थलांतर-संशोधनातील एक मुख्य प्रश्न आहे. फुलोरा लवकर आटोपला किंवा ऊन लवकर तापले, तरी नागपूरचा दिवस मार्चच्या मध्यापूर्वी बारा तासांचा होत नाही. पक्ष्याच्या शरीराला भूक लागते तेव्हा झाडावर काय उरले आहे, यावर त्याचे निघण्याचे वजन ठरते.

विदर्भातील अवकाळी पाऊस आणि गारपीट नेमकी याच आठवड्यांत येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रातील रब्बी पिकांचे मोठे नुकसान झाले. अशा वादळात फुलोरा झडतो, कीटक नाहीसे होतात आणि लहान पक्ष्याचे खाण्याचे काही दिवस जातात. दिवसाला दोन टक्के या वेगाने वजन वाढवणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत उपाशी गेलेले तीन दिवस भरून काढण्यास आठवडाभर लागू शकतो.

पूर्व विदर्भात मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा आहे. मोह हा अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग असल्याने या प्रथेकडे केवळ दोष म्हणून पाहता येत नाही. मात्र आग पसरली, की पाचोळ्यातील कीटकांवर जगणाऱ्या पक्ष्यांचे अन्न ऐन संचयाच्या दिवसांत जळून जाते. झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरून फुले गोळा करण्याची पद्धत वापरल्यास आग लावावी लागत नाही.

शहराच्या वाढीत बांधांवरचे पळस, ओढ्याकाठचे उंबर आणि तलावांभोवतीचे पाणगवत कमी होत जाते. काठ दगडांनी बांधून ‘सुशोभित’ केलेल्या तलावावर बदके उतरू शकतात. शंकर आणि बोरू वटवट्या यांना मात्र तेथे खाण्यालायक काही उरत नाही. रात्रीचा झगझगीत प्रकाश ही आणखी एक अडचण आहे. रात्री प्रवास करणारे पक्षी शहराच्या दिव्यांकडे ओढले जातात, त्यांच्याभोवती घिरट्या घालत राहतात, आणि आठवडाभर जमवलेल्या चरबीचा काही भाग एका रात्रीत वाया जातो.

एप्रिलच्या अखेरीस नागपूरच्या झाडीतील वटवट्यांचे आवाज थांबतात आणि भोरड्यांचे थवे दिसेनासे होतात. भोरडी सुमारे तीन महिन्यांत मध्य आशियातील वीण उरकून जुलै-ऑगस्टपासूनच भारतात परतू लागते. वटवटे, धोबी आणि शंकर त्यानंतर, पावसाळा ओसरताना येतात.